चार लाख व्ह्यूज, पण पैसे कुणाचे?

*प्रिय ताई,*

*मी २६ वर्षांचा आहे. मी गिटार वाजवतो, माझी मैत्रीण गाते आणि मावसभाऊ व्हिडिओ काढतो, एडिट करतो. अडीच वर्षं आम्ही यूट्यूबवर गाणी टाकतोय. ७१ व्हिडिओ झाले, १,३४० सबस्क्रायबर आहेत. बहुतेक सिनेगीतांची कव्हर (तीच गाणी आमच्या आवाजात), तीन गाणी आमची स्वतःची. दीड वर्षापूर्वी एका कव्हरला चार लाखांवर व्ह्यूज मिळाले. त्यावर जाहिराती दिसतात, पण आम्हाला आजवर एक पैसा आलेला नाही, उलट कॉपीराइटचा क्लेम (हक्काचा दावा) आला. खाली आम्ही स्पष्ट लिहिलं होतं की श्रेय मूळ कलाकारांचं आहे, हक्कभंगाचा हेतू नाही. स्वतःच्या गाण्यांना कुणी विचारत नाही, सगळ्यात चाललेल्याला १,९०० व्ह्यूज. पैसे सुरू व्हायला आमचे व्हिडिओ वर्षात ४,००० तास पाहिले जायला हवेत, आमचे जेमतेम १,१०० आहेत. एक जण पैसे घेऊन १५ दिवसांत तास पूर्ण करून देतो म्हणतोय. मावसभाऊ म्हणतो, देऊन टाकू. मैत्रीण म्हणते, आधी वाटणी ठरवा. त्यावरून तिघांत अबोला धरण्यापर्यंत गेलंय. आणि मला तर नोकरी सोडून पूर्ण वेळ यातच उतरावंसं वाटतंय. काय करू?*

*– एक गिटारवाला*

प्रिय गिटारवाल्या,

तू पाठवलेली चारही गाणी ऐकली. ते चार लाखांचं कव्हर आणि तुमची स्वतःची तीन. त्यातल्या एका गाण्याबद्दल मला बरंच बोलायचंय, पण आधी तुला सलतंय ते घेऊ. जाहिराती दिसतात, मग पैसे जातात कुठे?

जाहिरात दिसली म्हणजे व्हिडिओ टाकणाऱ्याला पैसे मिळाले, असं यूट्यूबवर मुळीच नसतं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये यूट्यूबने आपल्या अटी बदलल्या. तेव्हापासून पार्टनर प्रोग्रॅममध्ये (चॅनेलला कमाईतला वाटा देणाऱ्या यूट्यूबच्या योजनेत) नसलेल्या चॅनेलवरही ते जाहिराती दाखवू शकतात आणि त्यातला वाटा अशा चॅनेलला देत नाहीत. हे एक. दुसरं असं की तुमच्या त्या व्हिडिओवर क्लेम आहे, आणि क्लेम करणाऱ्या हक्कधारकाला तीन पर्याय असतात: व्हिडिओ बंद करायचा, त्यावर जाहिराती लावून पैसे घ्यायचे, किंवा काहीच न करता नुसती आकडेवारी पाहायची. तुमच्या बाबतीत दुसरा पर्याय निवडलेला दिसतो. यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायच्या पानावर) जाऊन त्या व्हिडिओपुढच्या 'कॉपीराइट' या शब्दावर टिचकी मार. कोणी क्लेम केला, कशावर केला (चालीवर की रेकॉर्डिंगवर) आणि त्याचा परिणाम काय, हे तिथे लिहिलेलं असतं. अडीच वर्षांत तुम्ही तिघांनी ते एकदाही नीट वाचलेलं नाही असं तुझ्या पत्रावरून वाटलं. आज वाच.

कारण सगळा उलगडा तिथेच आहे. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल ही रचना, तिचा एक हक्क. ती रचना गाऊन-वाजवून जे रेकॉर्डिंग होतं, त्याचा दुसरा. हे दोन हक्क बहुतेक वेळा दोन वेगळ्या लोकांकडे असतात. तू गिटार स्वतः वाजवलीस आणि मैत्रीण गायली, तर रेकॉर्डिंग तुमचं, रचना मात्र दुसऱ्याची. पण चार लाखांच्या त्या कव्हरमध्ये मला गिटारच ऐकू येत नाही! मागे व्हायोलिनचा ताफा आहे, ढोलक आहे, बासरी आहे. तो कुठून तरी उतरवलेला कराओके ट्रॅक आहे, हो ना? म्हणजे त्या व्हिडिओत रचना एकाची, मागचं रेकॉर्डिंग दुसऱ्याचं, आणि तुमचा फक्त गळा. गळा सुंदर आहे, पण जाहिरातीचे पैसे हक्काच्या मागून जातात, आणि त्या व्हिडिओत तुमच्या हक्काचं फारच थोडं होतं.

खाली लिहिलेल्या त्या श्रेयाच्या ओळीचा इथे काही उपयोग नाही. मूळ कलाकाराला श्रेय देणं हा चांगुलपणा झाला, द्यावंच, पण श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. 'हक्कभंगाचा हेतू नाही' हेही तसंच. आणि दहा सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं, हे जे सगळीकडे ऐकू येतं, असा कुठलाही नियम अस्तित्वात नाही. कंटेंट आयडी नावाची जी यंत्रणा २००७ पासून हे काम करते, ती व्हिडिओखालचा मजकूर वाचत बसत नाही. हक्कधारकांनी दिलेल्या मूळ ध्वनीशी तुमचा ध्वनी ताडून पाहते. गायक वेगळा असला तरी चाल ओळखू शकते.

क्लेम आला म्हणून घाबरू मात्र नकोस. क्लेम आणि स्ट्राइक या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची फार गल्लत करतात. क्लेमने त्या व्हिडिओचे पैसे दुसरीकडे वळतात, चॅनेलला सहसा धक्का लागत नाही. स्ट्राइक येतो तो कुणी कायदेशीर रीतीने व्हिडिओ काढून टाकायला लावला तर. ९० दिवसांच्या आत असे तीन स्ट्राइक आले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. म्हणून खरोखर हक्क नसताना केवळ रागापोटी क्लेमला आव्हान देऊ नकोस. आव्हान दिल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. त्याने क्लेम कायम ठेवला, तुम्ही पुढे अपील केलं आणि तेही त्याने फेटाळलं, तर प्रकरण स्ट्राइकपर्यंत जाऊ शकतं.

खरोखर हक्क असेल तेव्हा मात्र गप्प बसायचं नाही. हे मी सोसून शिकले आहे. मी वाद्यसंगीताचे छोटे व्हिडिओ टाकते. एका रचनेत मी विकत घेतलेला तालाचा एक लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा) वापरला होता. पैसे भरले होते, परवाना होता. व्हिडिओ टाकला त्याच दिवशी क्लेम! दुसऱ्या कुणा संगीतकाराने तोच लूप घेऊन गाणं केलं होतं आणि आपलं सगळं गाणं कंटेंट आयडीमध्ये नोंदवलं होतं. यंत्राला वाटलं, मीच त्याचं उचललं. दोन दिवस मला झोप लागली नाही. आपल्याच गाण्यात आपण चोर ठरलो की पोटात खड्डा पडतो. मग परवान्याची पावती शोधली, आव्हान दिलं आणि काही दिवसांत क्लेम सुटला. क्लेम आल्यापासून पाच दिवसांच्या आत आव्हान दिलं तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राखून ठेवले जातात आणि निकाल लागेल त्याला मिळतात, ही गोष्ट मला तेव्हा कळली. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक गाण्याचा एक फोल्डर असतो. त्यात पावत्या, परवाने, मूळ प्रोजेक्ट फाइल आणि कोणता आवाज कुठून आला याची एक साधी यादी.

आता कव्हर करायचीच नाहीत का? करा. पण कराओके ट्रॅक सोडा आणि मागचं संगीत स्वतः वाजवा. पार्टनर प्रोग्रॅममध्ये आलेल्यांसाठी यूट्यूबवर कव्हरच्या उत्पन्नातला वाटा मिळण्याची सोय आहे. रचनेच्या हक्कधारकाने क्लेम केला, त्याने अशी वाटणी मान्य केलेली असली आणि व्हिडिओत दुसऱ्याचं रेकॉर्डिंग नसलं, तर गाणाऱ्यालाही काही हिस्सा मिळतो. कोणत्या गाण्याला ही सोय आहे ते हक्कधारकावर अवलंबून, त्यामुळे त्या भरवशावर संसार उभा राहत नाही. पण शून्य आणि काहीतरी यांत फरक आहेच, आणि तुझी गिटार ऐकल्यावर मला तर वाटलं की व्हायोलिनच्या त्या ताफ्यापेक्षा मैत्रिणीच्या आवाजाला तीच शोभेल.

लोकगीतांचा मार्गही काही जण सुचवतील. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या, कर्ता अज्ञात असलेल्या गीताची चाल सहसा कुणाच्या मालकीची नसते, पण गेल्या काही वर्षांत कुणी केलेली त्याची नवी बांधणी आणि तिचं रेकॉर्डिंग मालकीचं असतं. म्हणून तुम्ही ऐकलेल्या रेकॉर्डिंगची हुबेहूब नक्कल करू नका, मूळ गीताकडे जा आणि स्वतः बांधा.

तासांचं बोलू. पूर्ण जाहिरात-वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास, ही अट २०१८ पासूनची आहे. (९० दिवसांत एक कोटी शॉर्ट्स-व्ह्यूज हा दुसरा रस्ता, पण तो तुमच्यासारख्यांचा नाही.) त्यातला '१२ महिन्यांत' हा शब्द तुम्हाला नडला. चार लाख व्ह्यूज, सरासरी दोन मिनिटं धरली तरी तेरा हजारांवर तास होतात. पण तेव्हा सबस्क्रायबर हजार नसणार, आणि आता ते झाले तोवर ते तास मोजणीतून गळून गेले. अशी चुकामूक पुष्कळांची होते. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेली मिनिटं या ४,००० तासांत धरत नाहीत, हेही लक्षात ठेव. व्हिडिओ खाजगी केला किंवा काढून टाकला तर त्याचे तासही जातात, त्यामुळे 'जुनं खराब वाटतंय' म्हणून घाईघाईने काही उडवू नका.

तुम्हाला अजून २,९०० तास हवेत, म्हणजे १,७४,००० मिनिटं. चार मिनिटांचं गाणं लोक सरासरी दोन मिनिटं ऐकतात असं धरलं तर ८७,००० व्ह्यूज. डोंगर वाटतो खरा. पण चार-चार मिनिटांची गाणीच का? तिघं बसून चाळीस मिनिटांची मैफल चित्रित करा. मधे गप्पा, चाल कशी सुचली ते सांगा, एखादं गाणं अर्धवट सोडून पुन्हा सुरू करा. थेट प्रक्षेपण करा आणि नंतर ते सार्वजनिक ठेवा, ते तासही धरले जातात. गाणं आवडणाऱ्याला गाणाऱ्यांसोबत बसायला आवडतं, आणि तो दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं बसला की डोंगर पाचपट लहान होतो. शिवाय आठ मिनिटांहून लांब व्हिडिओच्या मधे जाहिराती लावता येतात, तीन-चार मिनिटांच्या गाण्यात ती सोय नाही.

तुमच्यासाठी एक मधली पायरीही आहे. २०२३ पासून ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षात ३,००० तास यांवर प्रोग्रॅमचा खालचा टप्पा मिळतो. तो सगळ्या देशांत नसतो, तुमच्याकडे आहे का ते स्टुडिओतल्या 'अर्न' या भागात कळेल. त्यात जाहिरातींचा वाटा नाही, पण ऐकणाऱ्याला थेट चार पैसे देता येतात. तुम्हाला तिथवर १,९०० तासच कमी पडतायत.

आणि त्या तास विकणाऱ्याला एक दमडी देऊ नका. मावसभावाला हे पत्र वाचून दाखव. विकत घेतलेले तास म्हणजे यंत्रांनी किंवा पैसे देऊन बसवलेल्या लोकांनी चालवलेले व्हिडिओ. यूट्यूब त्यांना अवैध ट्रॅफिक मानतं, सापडले की ते तास वजा होतात आणि चॅनेलवर गदा येऊ शकते. समजा सापडले नाहीत. तरी हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तास झाले की प्रवेश मिळाला असं होत नाही, अर्ज केल्यावर चॅनेल तपासलं जातं. बहुतेक व्हिडिओ दुसऱ्याच्या ट्रॅकवर उभे दिसले तर तिथे अर्ज नाकारला जाऊ शकतो. खोट्या गर्दीचा आणखी एक तोटा कुणी सांगत नाही. त्या गर्दीने गाणं तीन सेकंदांत सोडलं, तर यंत्रणा शिकते की हे गाणं लोकांना आवडत नाही, आणि खऱ्या श्रोत्यापुढे ते ठेवणं कमी करते. अडीच वर्षं जमवलेले १,३४० लोक खरे आहेत. त्यांच्यात खोटी माणसं मिसळू नका. आणि हा इसम जर चॅनेलचा पासवर्ड मागत असेल, तर त्याच्याशी बोलणंच थांबवा.

नोकरी सोडू नकोस. हे मी जराही आडपडदा न ठेवता सांगते. साध्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनेलला मिळतो, शॉर्ट्सवर ४५ टक्के. पण हे टक्के कशाचे, ते बघणाऱ्याच्या देशावर, वर्षाच्या महिन्यावर आणि जाहिरातदारांच्या मागणीवर ठरतं. वर्षाअखेरीला दर चढतात, जानेवारीत उतरतात. जाहिरातदार हजार जाहिरातींना किती मोजतो तो आकडा सीपीएम. तुझ्या हातात हजार व्ह्यूजमागे काय पडतं तो आरपीएम, आणि तो सहसा बराच लहान असतो. केवळ हिशोबासाठी धर की हजार व्ह्यूजला एक डॉलर पडला. मग चार लाखांचं ते कव्हर सर्वस्वी तुमचं असतं तरी चारशे डॉलर, तिघांत वाटून प्रत्येकी १३३. अडीच वर्षांतलं तुमचं सगळ्यात मोठं यश हे. त्यात अ‍ॅडसेन्स (जाहिरातींचे पैसे पोचवणारी गूगलची सेवा) १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही, म्हणजे याच दराने लाखभर व्ह्यूज होईपर्यंत हातात काहीच नाही. तू अमेरिकेबाहेर राहत असलास तर कराचा फॉर्म भरायला विसरू नकोस, तो नसला तर कमाईतून जास्तीची कपात होते. नोकरीमुळे तुला महिनाअखेरीची धास्ती न बाळगता चाल लावता येते. ती धास्ती आली की माणूस पुन्हा कराओके ट्रॅककडे वळतो, कारण तिथे व्ह्यूज लवकर मिळतात.

मैत्रिणीचं मात्र बरोबर आहे, आणि ती लोभी आहे असा सूर तुझ्या पत्रात कुठेतरी लागला, तो मला खटकला. अ‍ॅडसेन्सचं खातं एकाच्या नावावर असतं, पैसे एकाच्याच बँकेत जमा होतात. उरलेल्या दोघांकडे हातात काय? तुझा शब्द. शब्दाला मी कमी लेखत नाही, पण तीन वर्षांनी कुणाचं लग्न होईल, कुणी गाव सोडेल, आणि तेव्हा कुणाला काय ठरलं होतं हे आठवणार नाही. म्हणून एका कागदावर लिहा आणि तिघं सह्या करा: गीत कुणाचं, चाल कुणाची, गायलं कोणी, चित्रण कुणाचं, प्रत्येक गाण्यात कुणाला किती, आणि एकजण बाहेर पडला तर त्याने केलेल्या गाण्यांचं पुढे काय. शेवटचं कलम लिहिताना अवघड वाटेल, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं. वाटणी समान असलीच पाहिजे असं नाही. कव्हरला एक हिशोब आणि स्वतःच्या गाण्याला दुसरा असू शकतो, कारण स्वतःच्या गाण्यात चाल लावणाऱ्याचं काम वेगळं आहे. खर्च (माइक, दिवे, मिक्सिंग) आधी वजा करायचा की नंतर, तेही लिहा. भांडणं बहुधा तिथेच होतात. आणि चॅनेलचा पासवर्ड तिघांत फिरवण्यापेक्षा स्टुडिओच्या परवानग्यांमध्ये जाऊन दोघांना मॅनेजर करून घे. प्रत्येकाला आकडे दिसले की निम्मा संशय तिथेच विरतो.

आता त्या गाण्याकडे येते. १,९०० व्ह्यूजवालं. तू पत्रात त्याला एका ओळीत निकालात काढलंस, मी ते चार वेळा ऐकलं. दुसऱ्या कडव्यात गिटार थांबते आणि तिचा आवाज एकटाच दोन ओळी चालतो, तिथे माझं हातातलं काम थांबलं. हे गाणं शब्दापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत तुमचं आहे. तुमच्या ७१ व्हिडिओंपैकी हे आणि आणखी दोन, एवढ्यांवरच, पार्टनर प्रोग्रॅममध्ये आल्यावर, चॅनेलचा सगळा वाटा तुमच्याकडे येईल. १,९०० लोक म्हणजे कमी नाहीत, पण त्या गाण्यापर्यंत पोचायला तुम्ही वाटच ठेवलेली नाही. चार लाखांच्या कव्हरच्या शेवटी, त्याच्या वर्णनात, पिन केलेल्या कमेंटमध्ये, कुठेच त्याचा दुवा नाही. त्या कव्हरवर पैसे दुसऱ्याचे असले तरी येणारी माणसं तर तुमच्या दारात येतायत. त्यांना आत बोलवा. शेवटच्या वीस सेकंदांत त्या गाण्याचं कार्ड लावा. आजच करता येईल, फुकट आहे.

हेच गाणं एखाद्या डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी अ‍ॅपपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) इतर संगीत-अ‍ॅपवरही पाठवता येईल. तिथे गाण्याला आयएसआरसी नावाचा अक्षरं-आकडे मिळून बारा चिन्हांचा कोड मिळतो, तो फोल्डरमध्ये जपून ठेव. डिस्ट्रिब्युटर विचारेल, कंटेंट आयडीमध्ये नोंदवायचं का? त्यात एकही विकतचा लूप किंवा लीजवर घेतलेला बीट (भाड्याने मिळणारं तयार संगीत) नसेल तरच हो म्हण. लीजचा बीट तुझ्यासारख्या अनेकांना विकलेला असतो, आणि तू नोंदवलास तर उद्या दुसऱ्या कुणाची झोप माझ्यासारखी उडेल. तुझ्या गाण्यात मला मध्ये एक शेकरसारखा आवाज ऐकू आला. तो तू वाजवलास की कुठून घेतलास, ते आठवून बघ.

त्या गाण्याची मूळ प्रोजेक्ट फाइल अजून आहे ना, सगळे ट्रॅक वेगवेगळे असलेली? आज झोपण्याआधी तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेव, आणि मैत्रिणीला फोन करून सांग की कागद लिहायला रविवारी बसूया.

– ताई